जूनोच्या कपाळावरचं कुंकू

मी जूनो बोलतेय. रोमच्या देवांची राणी. तुमच्याकडे इंद्राणी असते तशी समजा. आता मात्र मी नुसतं डोकं उरले आहे. मानेखाली काही नाही, नाक अर्धं, आणि कपाळाच्या बरोबर मधोमध बोटभर लांबीचा क्रूस कोरलेला. दोहाच्या उत्तरेला समैस्मा म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या एका व्हिलामध्ये काचेच्या कपाटात मला ठेवलंय.

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी कुणाला माफ करत नाही. केलेलं विसरत तर मुळीच नाही. दगडाला दुसरं काम तरी काय असतं?

मला मराठी कशी येते, असं विचाराल. काचेच्या कपाटात येण्याआधी मी तीन वर्षं याच व्हिलाच्या मागच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथे दोन माणसं दिवसभर मराठीत बोलायची, आणि मला कान आहेत. नाक तोडणाऱ्यांनी कान तेवढे शाबूत ठेवले.

माझा जन्म साम्राज्याच्या पूर्वेकडच्या एका बंदराच्या गावात झाला. ज्याने मला घडवलं तो कारागीर तोतरा होता आणि दगडाशी मात्र अस्खलित बोलायचा. त्याने मला गावच्या चौकात उभं केलं तेव्हा मी दीड पुरुष उंच होते. बायका बाळंतपण सुखरूप होऊ दे म्हणून माझ्याकडे यायच्या, नवस बोलायच्या, फेडायला विसरायच्या आणि पुढच्या वेळी जास्तीचं काही घेऊन यायच्या. माणसं तेव्हाही अशीच होती. मला त्यांचा राग नव्हता. तेव्हा मला कुणाचाच राग नव्हता.

मग राजधानीतून हुकूम आला. प्रत्येकाने देवांसमोर चिमूटभर धूप जाळायचा आणि जाळला म्हणून सरकारी चिठ्ठी घ्यायची. ज्याच्याकडे चिठ्ठी नाही त्याचं काही खरं नाही. हे सगळं ख्रिस्ताच्या माणसांसाठी होतं. ती कुठल्याच मूर्तीपुढे हात जोडत नसत. आमचे सण, आमच्या मिरवणुका, आमचे खेळ, सगळ्यांकडे पाठ फिरवून बसत. गावाला ते खुपायचं. मलाही खुपायचं.

माझ्यापुढे लांब रांग लागली. ख्रिस्ताच्या माणसांतलेही पुष्कळ जण आले, मान खाली घालून चिमूट टाकून चिठ्ठी घेऊन गेले. एक विणकराची मुलगी तेवढी आली आणि नुसती उभी राहिली. सोळा वर्षांची असेल. अधिकारी काही दुष्ट नव्हता. उन्हाने कंटाळलेला, घरी जायची घाई झालेला माणूस. तो तिला म्हणाला, मनात काय ते तुझं तुझ्यापाशी ठेव, चिमूट टाक आणि जा. मी तुझा हात धरू का, असंही त्याने विचारलं. ती म्हणाली, नको. जे मनात नाही ते हाताने करणार नाही.

तिला चौकातच मारलं. माझ्या पायापाशी. आणि मला तेव्हा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? माझा मान राखला गेला असं वाटलं.

दिवस फिरले. पुढे बादशहाच त्या देवाचा झाला. माझी रांग आटली, माझ्या देवळाचं छप्पर कुणी तरी उतरवून नेलं. एका सकाळी हातोडे घेऊन माणसं आली. आधी हात, मग धड, मग नाक. डोकं घरंगळत नालीपाशी गेलं तेव्हा एक गवंडी तिथे बसला. त्याने मला मांडीवर घेतलं, दोऱ्याने कपाळाचा मध्य मोजला आणि छिन्नीने शांतपणे क्रूस कोरला. घाई नाही, शिवी नाही. कोरून झाल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "माझ्या आजीच्या बहिणीसाठी."

ती विणकराची मुलगी. पाऊणशे-ऐंशी वर्षं त्या घराने तो हिशेब जपला होता. सूड घराण्यात उतरतो, हे मी त्या दिवशी शिकले. मला घराणं नव्हतं, म्हणून माझा सूड मी माझ्यापाशीच ठेवला.

पुढची शतकं मी एका भिंतीच्या पोटात काढली, तोंड आत करून. कुणी तरी भिंत पाडली, कुणी तरी मला विकलं, कुणी तरी लिलावात घेतलं. शेवटी सगळी कागदपत्रं नीट करून, लाकडी खोक्यात भुशात बसवून मला विमानाने दोहाला आणलं. नवे मालक कतारी गृहस्थ आहेत. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांना जुन्या दगडांचा नाद. घरातच एक दालन बांधून तिथे पाहुण्यांना आपला संग्रह दाखवायचा, ही त्यांची हौस.

त्या संग्रहाचा कारभार बघायला एक पुणेकर होते, राजाभाऊ. वय छप्पन्न, केस काळे केलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. दोहातल्या अल सद्द भागातल्या फ्लॅटमधून रोज गाडी हाकत यायचे. आल्या आल्या एसी किती वर आहे ते बघायचे आणि बिलाच्या नावाने बोटं मोडायचे. बिल मालकांचं, तरी जीव यांचा जायचा. माणूस प्रेमळ होता. बायको, सरोजवहिनी, डब्यात सगळ्यांपुरती थालीपीठं द्यायच्या.

आणि माझी साफसफाई करायला आली सेलिना तुस्कानो. वसईची. दगडाच्या मूर्ती जपायचं शिक्षण घेतलेली, चाळिशीची, बारीक अंगाची, चष्मा कायम नाकाच्या टोकावर. कॉलरच्या आत सोन्याचा छोटा क्रूस. इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे शुक्रवारी सकाळी चर्चला जायची आणि शनिवारी कामावर हजर.

तो क्रूस मी पहिल्याच दिवशी पाहिला. ती माझ्यावर वाकली, साखळी कॉलरमधून निसटली आणि क्रूस माझ्या कपाळापुढे लोंबकळला. तेव्हा काय वाटलं ते सांगू? सोळाशे वर्षांनी त्या गवंड्याच्या घरातलं कुणी तरी माझ्या हाताशी आलं होतं. फक्त मला हात नव्हते.

तिने काय काम केलं, तेही सांगायला हवं. कापसाच्या काडीने तिने माझे डोळे पुसले. पापण्यांच्या खाचांतली भिंतीची चुनखडी सुईने एकेक कण काढली. दोन महिने माझ्या एका कानावर घालवले. हात इतका हलका की कधी लागला ते कळायचं नाही. मी तरीही तिचा द्वेष करत होते. उलट जास्तच करत होते, कारण द्वेष करायला तिने काही कारणच ठेवलं नव्हतं.

कारण मग तिने दिलं. कपाळाचं काय करायचं यावर बैठक बसली. राजाभाऊंचं म्हणणं, खाच बुजवून टाकावी, नाकही नवं बसवावं. खंडित मूर्ती दर्शनी भागात ठेवू नये, बरं दिसत नाही, असं ते मालकांना इंग्रजीत वेगळ्या शब्दांत पटवत होते. माझं मन त्या पुणेकरासाठी भरून आलं. पण सेलिना म्हणाली, क्रूस बुजवला तर या दगडाचं अर्धं आयुष्य बुजेल. हिच्यावर जे झालं ते लोकांना दिसू द्या. मालकांनी विचार केला आणि तिचं मानलं.

म्हणजे माझ्या जखमेची राखण करायला तीच उभी राहिली. त्या दिवशी मी ठरवलं, हिचं वाईट झालेलं मी बघणार. कसं होईल ते माहीत नव्हतं. दगडाला एकच गोष्ट जमते, वाट बघणं.

दालन उघडायला महिना उरला होता. ऑक्टोबर चालू होता. त्या सकाळी राजाभाऊ नेहमीपेक्षा तासभर लवकर आले. बाहेर फाटकावर रहमान, तिथला राखणदार, खुर्चीत पेंगत होता. वर्कशॉपमध्ये कुणी नाही. राजाभाऊंनी खिशातून स्टीलची डबी काढली. खंडेनवमी होती.

तरुणपणी ते पुण्यात कारखान्यात होते. खंडेनवमीला यंत्रांना, हत्यारांना हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्यांना दिवस चुकल्यासारखा वाटायचा. कतारमध्ये बावीस वर्षं त्यांनी हे गुपचूप चालवलं होतं. दुसऱ्याच्या जागेत पूजा करायची परवानगी कुणी दिली नव्हती आणि यांनी कधी मागितली नव्हती. करायचं, हात जोडायचे, लगेच पुसून टाकायचं. सुया, ब्रश, छोटं ड्रिल, वजनकाटा, व्हॅक्यूम क्लीनर, सगळ्यांना त्यांनी पाण्याने ओली केलेली हळद आणि कुंकू लावलं. काही तरी पुटपुटले. मग वळले आणि मी समोर दिसले.

देवी दिसली की यांचा हात थांबतच नाही. अनामिकेने आधी हळद, मग कुंकू, थेट माझ्या कपाळावर. भरपूर. खाचेत गच्च बसेल असं.

खरं सांगू? मला बरं वाटलं. सोळाशे वर्षांत माझ्या कपाळाला मानाने हात लावणारा तो पहिला माणूस होता. पण त्याचं पुढचं ऐका. घड्याळ बघून त्यांनी सगळी हत्यारं पुसली आणि माझ्याकडे आले. ओल्या फडक्याने चोळलं. जाईना. मग साबण घेतला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कुठल्याही घरात माहीत असतं. राजाभाऊंनी कधी स्वतःचा सदरा धुतला असता तर त्यांनाही माहीत असतं. सेलिनाने वर्षभर घासून माझी सगळी छिद्रं मोकळी केली होती. रंग पाण्याबरोबर आत, खोल आत गेला. दहा मिनिटांत माझ्या कपाळावर लालभडक क्रूस उभा राहिला.

राजाभाऊंनी पुन्हा घड्याळ बघितलं. त्यांनी माझ्यावर कापड टाकलं आणि निघून गेले.

आठला सेलिना आली. तिने कापड उचललं आणि तशीच धरून उभी राहिली. मग तिने तिचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च आणला, खिडकीचा पडदा ओढला आणि माझ्या कपाळावर मारला. खाचेच्या कडा पिवळ्या-हिरव्या चमकल्या. हळद त्या उजेडात अशी चमकते. तिने टॉर्च बंद केला आणि स्टुलावर बसली. वर्कशॉपच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या. तिला कळायला वेळ लागला नाही.

ती राजाभाऊंकडे गेली तेव्हा ते मालकांना फोन करून मोकळे झाले होते. क्रूस कुणी तरी रंगवलाय, एवढंच सांगितलं होतं. कुणी, ते सांगायची गरजच नव्हती. क्रूस वाचवायला कोण भांडलं होतं, ते मालकांना आठवत होतं. कॉलरच्या आत काय आहे तेही सगळ्यांना माहीत होतं.

दोघं माझ्यासमोरच बोलले. "राजाभाऊ, त्यात हळद आहे," सेलिना म्हणाली. "टॉर्चखाली स्पष्ट दिसते."

राजाभाऊंनी चष्मा काढून पुसला. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "हळद काय, तुमच्या लग्नांतही लावतात की वसईला."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तीन वर्षं त्यांच्या घरची थालीपीठं खाल्लेली ती. गणपतीला त्यांच्या फ्लॅटवर आरतीला टाळ्या वाजवत उभी राहिलेली. आणि मी? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. क्रूसापायी क्रूसवाली अडकली होती. देवांनी इतका नेमका सूड मला कधी मागूनही दिला नसता.

मालक आले. त्यांनी आवाज चढवला नाही. तिला विचारलं, तू केलंस? ती म्हणाली, नाही. मग कुणी? ती म्हणाली, ज्याने केलं त्याला ठाऊक आहे, त्याने सांगावं. राजाभाऊ खिडकीपाशी उभे होते. त्यांनी एसीचा आकडा बघितला.

शेवटी मालक राजाभाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, मला तमाशा नको. तिच्याकडून एक कागद लिहून घे, चुकून झालं म्हणून. ती नोकरीत राहील. खलास.

दुसऱ्या दिवशी राजाभाऊ तो कागद घेऊन आले. टाइप करून आणला होता, खाली सहीची रेघ. त्यांचा आवाज अगदी घरच्यासारखा होता. "सेलिना, एक सही. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये राहील, कुणाच्या बापाला कळणार नाही. कॉन्ट्रॅक्ट मी स्वतः रिन्यू करून घेतो. रिटायर व्हायला माझी दोन वर्षं राहिलीत गं. या वयात मी कुठे जाऊ?"

एवढं बोलून त्यांनी कबुलीच दिली होती. तिच्यापुढे, फक्त तिच्यापुढे.

सेलिनाने कागद वाचला. सही केली तर राहणार, पण मूर्ती रंगवणारी म्हणून. तिच्या धंद्यात त्याहून मोठा डाग नाही. नाही केली तर महिन्याभरात व्हिसा संपून परत. तिला हे सगळं माझ्यापेक्षा नीट कळत होतं. तिने कागद टेबलावर ठेवला, राजाभाऊंनी आपलं पेन काढून पुढे केलं, आणि ती म्हणाली, "जे मी केलं नाही, त्यावर माझा हात चालणार नाही, राजाभाऊ."

मी ते वाक्य ऐकलं आणि गारठले. संगमरवर गारच असतो म्हणाल. तरी सांगते, गारठले. मला चौक दिसला. रांग दिसली. घाईला आलेला, दुष्ट नसलेला माणूस दिसला, चिमूट टाक म्हणणारा. आणि त्या मुलीच्या बाजूला, जरा वर, मान ताठ करून उभी असलेली मी दिसले. मी तेव्हाही गप्प होते. पण तेव्हा माझ्यासाठीच तर चाललं होतं सगळं.

मी राजाभाऊंना तसं करायला लावलं नव्हतं, हे खरं. पण दोन दिवस मी मजा चाखत बसले होते, हेही खरं. माझी लाज वाटली तर मला रागच येतो. तो राग कुठे तरी जायला हवा होता.

सेलिनाने कुणालाही खोडता येणार नाही असा अहवाल लिहिला. खाचेत हळद आणि कुंकू, दोन्ही पूजेचे. सकाळी आठच्या आधी ओलं लावलेलं. नंतर साबणाने चोळलेलं. नाव कुणाचं नाही. तिने तो नियमाप्रमाणे राजाभाऊंच्या हातात दिला, आणि तो आजही त्यांच्याच कपाटात आहे. मालकांनी वाचायला मागितला नाही.

नाव का नाही घेतलंस, असं मी तिला विचारलं असतं. एकदा फोनवर आईशी बोलताना ती म्हणाली, नाव घेतलं तर सरोजवहिनींचंही घर उठेल, त्यांनी माझं काय वाकडं केलंय? मला दुसरं काम मिळेल. मिळालं नाही तर वसईला वाडी आहेच. मग ती रडली, थोडंसं, चष्मा काढून. हिला सूड म्हणून घेता येत नव्हता. इतकं चांगलं हत्यार हातात असून! मला तिचा संताप आला. मी असते तर सगळं घर पेटवलं असतं.

शेवटच्या दिवशी तिने तिचे ब्रश गुंडाळले, टॉर्च पेटीत ठेवला. रहमानने करक, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहाचा ग्लास आणून दिला आणि दारात थांबला. चहा संपवून ती माझ्याजवळ आली. माझ्या तुटक्या नाकावर तिने अंगठा ठेवला.

"हे आमच्यातल्या कुणाचं तरी काम आहे," ती म्हणाली. "सॉरी हं बाई. बाकी लाल माझं नाही, ते तुला माहीत आहेच."

आणि गेली.

सोळाशे वर्षं मी या एका वाक्याची वाट बघत होते. ते आलं, आणि जिने माझं काहीच बिघडवलं नव्हतं तिच्या तोंडून आलं. ज्यांनी मागायला हवी त्यांच्यापैकी कुणी माफी मागत नाही. मीही त्या विणकराच्या मुलीची कधी मागितलेली नाही. पायाशी पडलेल्या मुलीकडे वाकून बघायला तेव्हा मला मान होती, तरी मी बघितलं नव्हतं.

मी माफ केलं, असं समजू नका. मला ते जमत नाही. मी फक्त माझा सूड एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला.

सेलिना गेल्यावर बाहेरच्या देशातून एक तज्ज्ञ आणले. त्यांनी माझ्या कपाळावर कागदाच्या लगद्याचे लेप लावले, औषधं घातली, आठ दिवस प्लास्टिकखाली ठेवलं. रंग थोडा उतरला आणि मग थांबला. ते मालकांना म्हणाले, कमाल आहे, इतका आत कसा गेला! गेला नाही. मी धरून ठेवलाय. जो क्रूस जावा म्हणून मी शतकांमागून शतकं तळमळले, त्याचा कणन् कण मी आता दातओठ खाऊन धरून बसले आहे. त्यांनी पुन्हा यावं, नवी औषधं आणावीत. मी सोडणार नाही.

कारण रोज सकाळी साडेसातला दालनाचे दिवे लावायला राजाभाऊ येतात. दिव्याचं बटण बरोबर माझ्या समोर आहे. पहिले काही दिवस ते माझ्याकडे बघायचे. आता खाली बघून बटण चाचपडतात. केस काळे करायचं त्यांनी सोडलंय. सरोजवहिनी एकदा दालन बघायला आल्या होत्या. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी सहज विचारलं, अहो, हे कुंकू ना? राजाभाऊ म्हणाले, चल, उशीर होतोय. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे. त्यानंतर डब्यात थालीपीठं आलेली मी तरी ऐकली नाहीत.

पाहुणे येतात तेव्हा मालक त्यांना सांगतात, इथे एक ख्रिश्चन बाई काम करायची, भक्तीच्या भरात तिने हे केलं. पाहुणे हळहळतात. राजाभाऊ शेजारी उभे असतात आणि मान डोलावतात. दर वेळी. मी मोजते. आतापर्यंत एकेचाळीस वेळा.

म्हणून तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आयुष्यात मी लोकांची मागणी ऐकली, स्वतः कधी मागितलं नाही. दोहात तुम्ही पुष्कळ जण राहता. सुट्टीच्या दिवशी समैस्माला समुद्रावर येता, मुलांना वाळूत खेळवता. कधी तरी या दालनाकडे वळा. दारात खिशाला दोन पेनं लावलेले पुणेकर गृहस्थ भेटतील, तुमचं आडनाव विचारतील, गाव विचारतील, खूश होतील. त्यांना माझ्यापर्यंत घेऊन या आणि विचारा, हिच्या कपाळाला काय झालं?

इंग्रजीत विचाराल तर त्यांचं उत्तर पाठ आहे. मराठीत विचारा.